खोलीतली दुसरी व्यक्ती

रविवारी दुपारी सव्वातीनला संगणकाने यशोधरा खरातला कळवलं, 'आपल्या कक्षात आपणाव्यतिरिक्त अन्य एक व्यक्ती आढळून आलेली आहे.' वाक्य लाल पट्टीत आलं आणि पट्टी दोनदा लुकलुकली. भाषेच्या खान्यात तिने हौसेने मराठी निवडली होती, तेव्हापासून ते यंत्र तिच्याशी तहसील कार्यालयासारखं बोलत होतं. त्यामुळे आधी तिला वाटलं, ही सूचना आपल्याला नसून एकूण जनतेला असावी. मग तिने मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नवरा भीमराज वायरमन. तो कुणाच्या नव्या बंगल्यात पंखे टांगायला श्रीरामपूरला गेला होता. सासूबाई गीताबाई गल्लीच्या तोंडाशी आक्काबाईच्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मुलगी पुण्याला होस्टेलवर. दाराला आतून कडी होती आणि ती परीक्षेच्या नियम क्रमांक चारप्रमाणे यशोधरानेच लावली होती. तरी 'आढळून आलेली आहे' या शब्दांत असं काही सरकारी वजन होतं, की बेचाळीस वर्षांची, पतसंस्थेत सोळा वर्षं नोकरी केलेली ती बाई खुर्चीवरून उतरली आणि तिने पलंगाखाली वाकून पाहिलं. पलंगाखाली बाजरीचं पोतं होतं, भीमराजची वायरची भेंडोळी होती आणि एक हरवलेली म्हणून जाहीर झालेली चप्पल होती. ती वर उठते तोच यंत्राने दुसरी पट्टी दाखवली, 'उमेदवाराचा चेहरा ओळखपत्राशी जुळत नाही.' पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचं चिमुकलं चित्र दिसत होतं. त्यात तिची खुर्ची रिकामी होती, खुर्चीच्या वर भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता आणि त्या चेहऱ्याभोवती यंत्राने एक हिरवा चौकोन काढला होता. म्हणजे ती खाली वाकली तेवढ्या वेळात आर्थिक नियोजनाच्या पदव्युत्तर पदविकेच्या सराव परीक्षेला रंभाजी खरात बसले होते.

दुसरं कोणीही हसलं असतं. यशोधराही हसली, पण हसू निम्म्यात आलं आणि तिथेच थांबलं, कारण यंत्राचं म्हणणं तिला खोटं वाटेना. हा माणूस आज आढळला असेल यंत्राला. तिला तो बावीस वर्षांपासून पाठीमागे आढळत होता. लग्न होऊन ती बेलापूरला आली तेव्हा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि शेवटचं वर्ष राहिलेल्या सुना गावात पैशाला पासरी होत्या. त्यांची पुस्तकं पहिल्या दिवाळीला माळ्यावर जात आणि तिथेच उंदरांचं शिक्षण होई. रंभाजी साखर कारखान्यात गव्हाणीवर होते. उसाच्या मोळ्या यंत्राच्या तोंडात ढकलायच्या, हे त्यांनी एकोणतीस गाळप हंगाम केलं. स्वतः अंगठाबहाद्दर. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "सून शिकंल." कोणी विरोध करण्याआधीच ते खोलीच्या उंबऱ्यावर तंबाखूची पिशवी घेऊन बसले, पाठ घराकडे आणि तोंड सुनेच्या पुस्तकाकडे. स्वयंपाकघरातून गीताबाईंनी हाक मारली की हेच ओ देत, "पोरगी पुस्तकात हाय. भाकरी मी थापू का?" आणि ते खरोखर थापायला उठतील या भीतीने हाक विरून जाई. आता ज्याला अक्षर येत नाही त्याने अभ्यासावर देखरेख कशी करावी? रंभाजींनी गव्हाणीवरची पद्धत लावली. मोळी आत गेली पाहिजे, थांबता कामा नये. पान उलटलं की अभ्यास चालू आहे, पान थांबलं की काहीतरी अडकलं. "लई येळ झाला, पान न्हाई उलाटलं," ते म्हणत, "काय घोटाळा झालाय का?" एकदा ती ताळेबंदाच्या एकाच पानावर पाऊण तास राहिली, तर ते उठून कारभारी मास्तरांना घेऊन आले. मास्तर निवृत्त, विषय इतिहास. मास्तरांनी ताळेबंद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि दोन तास पानिपत शिकवलं. त्या दिवसापासून यशोधरा दर दोन मिनिटांनी पान उलटू लागली. समजो न समजो, दोन मिनिटं झाली की पान. उंबऱ्यावरून समाधानाचा एक हुंकार येई. अशा तऱ्हेने तिने अख्खी पदवी उलटली. पास क्लास मिळाला आणि रंभाजींनी गव्हाणीवरच्या सगळ्या पाळीला पेढे वाटले. त्यांना टक्के कोणी विचारले नाहीत आणि विचारले असते तरी त्यांनी पानं सांगितली असती.

ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. माणूस चोरी लपवतो, प्रेम लपवतो. हिने न वाचलेली पानं लपवली होती, आणि लपवता लपवता तिला त्याची कला आली होती. पतसंस्थेत परिपत्रकं येत, ती खाली सही करून पुढे सरकवी. मुलीच्या शाळेचं पालकपुस्तक, गॅसची माहितीपुस्तिका, भीमराजने लग्नानंतर बाहेरगावच्या कामावरून लिहिलेलं चार पानी पत्र: डोळे ओळींवरून छान फिरत, चेहऱ्यावर समजल्याचा भाव येई, आणि दोन मिनिटांनी हात आपोआप पान उलटी. पत्रात भीमराजने काय विचारलं होतं हे तिला अजून नक्की माहीत नव्हतं. उत्तरादाखल तिने होकार दिला होता आणि तो चालून गेला होता. दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेच्या अध्यक्षांना वाटलं, आपल्याकडे अर्थनियोजन सल्लागार असावा. त्यांना असं वाटण्याचं कारण शेजारच्या पतसंस्थेने तसा ठेवला होता. एक ऑनलाइन अभ्यासक्रम निघाला, नोकरी सांभाळून घरबसल्या करायचा, आणि पदवीधर कर्मचाऱ्यांत जिने नाही म्हटलं नाही ती यशोधरा होती. अध्यक्षांनी उत्साहाच्या भरात 'सौ. यशोधरा खरात, सल्लागार' अशी पाटीही रंगवून घेतली. ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून तिजोरीमागे उभी होती, आणि रोज तिजोरी उघडताना यशोधराला ती पाठमोऱ्या पाहुण्यासारखी दिसे.

ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून तिला पहिल्यांदा गहिवरून आलं होतं, कारण तो रंभाजींनीच काढल्यासारखा होता. पडद्यावर एकेक पाटी यायची, खाली 'पुढे' असं बटण. बटण दाबलं की शेजारी हिरवी बरोबरची खूण. समजलं का, हे कोणी विचारत नव्हतं. पुढे गेलात का, एवढंच. टायवाले प्राध्यापक दर तिसऱ्या वाक्याला म्हणत, "आपल्या सर्वांना ठाऊक आहेच की," आणि यशोधरा भाजी चिरता चिरता मान डोलवी. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, आवाज बंद, प्राध्यापक मुक्याने हातवारे करताहेत, इकडे शेवग्याच्या शेंगा शिजताहेत: पहिलं वर्ष असं पूर्ण झालं, उपस्थिती शंभर टक्के. परीक्षेत अडतीस पडले. पास व्हायला पन्नास लागत. दुसऱ्या खेपेला एकेचाळीस. तिसरी संधी शेवटची. ती गेली की नाव कमी. आणि या तिसऱ्या खेपेआधी काहीतरी भलतंच घडलं होतं. गेल्या जूनमध्ये वीज गेली म्हणून ती छापील पुस्तक घेऊन ओट्यावर बसली आणि महागाई नि व्याज यांच्या शर्यतीचं एक पान तिने चुकून वाचलं. संपूर्ण. दोन मिनिटं होऊन गेली, दहा झाली, पान तसंच. ते तिला समजलं होतं. तिला इतकं लाजल्यासारखं झालं की तिने इकडेतिकडे पाहून घेतलं. मग तिने पुढचं वाचलं. आठ महिने ती वाचत होती, पहाटे, चोरून. कारण घरच्यांच्या मते तिने हे पुस्तक पहिल्याच वर्षी वाचून संपवलं होतं. त्यामुळे येत्या रविवारचा पेपर हा पतसंस्थेचा, पाटीचा किंवा अध्यक्षांचा नव्हताच. आयुष्यात एकदा खरं वाचल्यावर आपल्याला काही येतं का, की आपण नुसत्याच उलटणाऱ्या आहोत, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळायची ही शेवटची तारीख होती. अशा वेळी यंत्र म्हणत होतं, आणखी एक व्यक्ती आहे. नियम असा होता की तिसऱ्या सूचनेला पेपर थांबेल आणि निरीक्षक निर्णय घेतील. निरीक्षकांचा निर्णय काय असतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वेळी एकाची आई मागून चहा ठेवून गेली तर त्याचा पेपर रद्द झाला. चहा त्याने घेतलाही नव्हता.

तिने मदतीच्या क्रमांकावर लिहून विचारलं. उत्तर आलं, 'भिंतीवरील सर्व चेहरे काढून टाकावेत.' तेव्हापासून तिला चेहरेच दिसू लागले. घरात एवढी माणसं राहत असतील याची तिला कल्पना नव्हती. पावडरच्या डब्यावर एक बाई, मसाल्याच्या पुडीवर एक आजोबा, कॅलेंडरच्या बाराही महिन्यांत पतसंस्थेचे अध्यक्ष, फेब्रुवारीत जरा वाकडे. खोलीच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि रंभाजी, अशी रांग. रंभाजींचा फोटो कारखान्यातल्या एका समूहचित्रातून कापून मोठा केलेला होता. स्टुडिओवाल्याने मागे निळं आकाश आणि अंगात काळा कोट घातला होता. जन्मात त्यांनी कोट घातला नव्हता. फेटा मात्र स्वतःचा होता, आणि नजर थेट, तुमच्या हातातल्या वस्तूवर.

संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला. भीमराज म्हणाला, "एवढंच ना? दोन स्क्रू आहेत, काढून देतो."

"कशाचे स्क्रू?" गीताबाई म्हणाल्या.

"आबांच्या फोटोचे. परीक्षेपुरता."

गीताबाईंनी घास खाली ठेवला. "मानूस भिताडावर हाय तर तुला जड झाला व्हय रं? जिता हुता तवा कारखान्यानंबी काढला न्हाई त्याला."

"आत्या, दोन तासांचा प्रश्न आहे," यशोधरा म्हणाली. "बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा पण पुढच्या खोलीत नेणारच आहोत."

"न्या की. बाबासायबांना काय सांगायला लागतंय? पेपर म्हनल्यावर ते आपल्या पायानं जातील पुढच्या खोलीत. शिकल्यालं मानूस. लई पेपर दिल्याले त्यांनी, समजून घेतील." त्या थांबल्या. "ह्यांना न्हाई समजायचं. ह्यांना वाटंल, सून शिकाया बसली आन मला उठावलं."

भीमराजने फोटोवर टॉवेल टाकायची सूचना केली, तर गीताबाई ताटावरून उठल्याच. "तोंडावर कापड एकदा टाकलंय मी. परत न्हाई टाकायची." मग दाराशी वळून, आवाज अगदी साधा करून त्यांनी विचारलं, "आन त्या मेहताचं काय झालं गं? पोरगी गेली का अमेरिकेला?"

हे मेहता म्हणजे पुस्तकातलं कुटुंब. श्री. मेहता, वय अडतीस; सौ. मेहता, वय छत्तीस. महिन्याला तीन लाख, दोन मोटारी, एक मुलगी, तिला परदेशी शिकवायचं, आणि तरीही पुस्तकभर काळजीत. यशोधराने एकदा बोलता बोलता त्यांची गोष्ट सांगितल्यापासून घरात मेहतांची चौकशी नित्याची झाली होती. गीताबाईंना त्यांची कीव येई. "दोन मोटारी आन झोप न्हाई. त्यापरीस एक इकून टाकावी." पुस्तकात दहा प्रकरणांनंतर हाच सल्ला होता. एकदा अभ्यास म्हणून यशोधराने सासूबाईंकडून जोखीम घ्यायची तयारी मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायला घेतली. पहिलाच प्रश्न: आपण आयुष्यात मोठी जोखीम कधी घेतली आहे काय? गीताबाई म्हणाल्या, "हे मला बघाया आलं तवा मी शेरडं राखीत हुते. ह्यांनी लांबूनच इचारलं, येती का? मी म्हनलं येते. तोंडबी नीट बघितलं न्हवतं. आता लिही काय लिवायचं त्ये." यशोधराने 'अत्यंत आक्रमक' या चौकटीत खूण केली होती. पुस्तकाप्रमाणे अशा व्यक्तीने सगळे पैसे शेअर बाजारात घालायला हरकत नव्हती. गीताबाईंचे सगळे पैसे तांदळाच्या डब्यात होते.

सोमवार ते शनिवार प्रयोग झाले. खुर्ची उलट फिरवली, तर मागे खिडकी आली आणि यंत्र म्हणालं, 'उमेदवार अंधारात आहे.' हे तिला फार मनाला लागलं. पुढच्या खोलीत नेटवर्क नव्हतं; ते घरात फक्त या एका खोलीत, रंभाजींच्या भिंतीजवळच मिळे, जणू तेच धरून बसले होते. खिडकीचा उजेड अडवायला भीमराजने बाहेरच्या शेडवर पावसासाठी टाकलेला जुना फ्लेक्स काढून आणला आणि ठोकून दिला. सराव चालू केला तर यंत्र काही क्षण मोजत बसलं, आणि मग म्हणालं, 'आपल्या कक्षात एकतीस व्यक्ती आढळून आलेल्या आहेत.' फ्लेक्सची छापील बाजू आत आली होती. कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारे तीस तरुण काळे चष्मे लावून यशोधराच्या पाठीमागे ओळीने उभे होते, मधोमध भावी सरपंच. "आन हे?" गीताबाई फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ह्यांना धरलं का त्यानं?" भीमराजने मोजून सांगितलं, "एकोणतीस, एक सरपंच आन एक यशोधरा. आबा न्हाईत, ते कॅमेऱ्याच्या मागं. पर फ्लेक्सवर चष्मेवाले तीस हायेत; एक तिच्या डोक्यामागं झाकलाय." आणि त्यातून उपाय सुचला. फोटो काढायचा नाही, झाकायचा नाही. यशोधराने असं बसायचं की तिचं डोकं बरोबर त्यांच्या डोक्यासमोर येईल. फ्लेक्स निघाला. खुर्ची पुन्हा भिंतीकडे पाठ करून बसवली. भीमराजने ओळंबा लावला, खुर्चीच्या पायांना फरशीवर काळ्या टेपच्या खुणा केल्या, बुडाखाली गोधडीच्या दोन घड्या दिल्या. अंबाडा जरा वर बांधायचा ठरला, कारण फेटा वरून डोकावत होता. फेट्याला यंत्र माणूस समजत नव्हतं, पण धोका नको. "मान सरळ ठेव," भीमराज म्हणाला. "खाली वाकलीस की आबा उगवलेच."

त्या आठवड्यात ती सगळीकडे मान सरळ ठेवून बसली. पतसंस्थेत रोखपालाने विचारलं, मानेचा पट्टा लावायला सांगितलाय का. आतल्या आत मात्र दुसरीच गोष्ट चालली होती. परिपत्रक समोर आलं की हात सहीकडे जाई, आणि तिला मागून यंत्राची पट्टी लुकलुकल्यासारखं वाटे: येथे अन्य एक व्यक्ती आहे. ती कोण, हे तिला आता चांगलं माहीत होतं. ती काही कोटातली व्यक्ती नव्हती. ती होती दर दोन मिनिटांनी पान उलटणारी, छान मान डोलावणारी, सगळं समजल्यासारखं हसणारी एक बाई, जिने दोन दशकं यशोधराच्या नावाने सह्या केल्या होत्या. रंभाजींना फसवलं म्हणून तिला वाईट वाटे, पण खरं दुःख वेगळंच होतं: ते फसले नव्हते. ते तर पानांकडे पाहत होते आणि पानं खरोखर उलटत होती. फसली होती ती एकटी. शनिवारी ती परिपत्रक वाचत बसली. त्यात कर्मचाऱ्यांना वर्षाला दोन रजा जास्तीच्या मिळाल्याचं लिहिलं होतं, तारीख तीन वर्षांपूर्वीची. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं.

रविवारी अकराला पेपर सुरू झाला. ऐंशी प्रश्न, दोन तास. बुद्ध आणि बाबासाहेब पुढच्या खोलीत दिवाणावर उशीला टेकून बसले होते. गीताबाई दाराबाहेर पाट टाकून होत्या. "सून पेपरात हाय," असं सांगून त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत दूधवाला, आक्काबाई आणि स्वतःचा मुलगा परत पाठवला. यशोधरा ताठ. मान सरळ, अंबाडा उंच, डोळे तेवढे खाली. प्रश्न ओळखीचे होते! हे इतकं अनपेक्षित होतं की पहिली दहा उत्तरं देताना तिला आपण कोणाचं तरी पाहून लिहितोय असं वाटलं. तेवीस मिनिटांनी सकाळच्या वंदनेच्या अगरबत्तीचा राहिलेला वास नाकात गेला आणि शिंक आली. शिंकताना मान सरळ ठेवता येत नाही, हे शास्त्र आहे. पट्टी आली: अन्य एक व्यक्ती. सूचना पहिली. चाळिसाव्या प्रश्नाला कॅल्क्युलेटर मांडीवरून घसरला. तो तिने पायाने झेलायचा प्रयत्न केला, पाय चुकला, कमरेतून वाकावं लागलं. सूचना दुसरी. त्यानंतर तिने श्वाससुद्धा मोजून घेतला. पाठीत कळ आली, मानेतून एक तार वर डोक्यात गेली. मागचा माणूस मात्र निवांत होता, कारण त्याला फक्त ती नीट बसली आहे एवढंच दिसत असणार. सत्तर झाले. मग शेवटचे दहा प्रश्न आले, सगळे एकाच कुटुंबावर, आणि ते कुटुंब मेहता नव्हतं. बाई एकटी, वय सत्तावन्न, घरकामं करते, पोरगा बाहेरगावी, साठवलेलं एवढंसं, पुढे किती वर्षं पुरेल? अशी बाई त्या अभ्यासक्रमात दोन वर्षांत पहिल्यांदाच आली होती, आणि यशोधराला तिची इतकी घाई झाली की ती विसरली. मान, अंबाडा, टेप, सगळं विसरली. ती पुढे झुकली, कपाळ पडद्याला लागेल इतकी, आणि वाचू लागली. ती वाचतच राहिली. पट्टी केव्हा आली ते तिने पाहिलंच नाही. पडदा करडा झाला आणि सगळे प्रश्न दिसेनासे झाले तेव्हा तिला कळलं. दहातली सहा उत्तरं व्हायची होती. घड्याळ थांबलं होतं.

"परीक्षा निरीक्षक पंकजा बोलत आहे," संगणकातून एका मुलीचा आवाज आला. आवाज पाठ केलेला होता. "उमेदवाराने कॅमेऱ्यासमोर स्थिर बसावे. मॅडम, आपल्या मागे कोण आहे?"

फोटो आहे, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: काढा नाहीतर झाका. दाराबाहेर पाटावर गीताबाई. तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं; खोटं सुचलंच नाही एवढंच.

"सासरे आहेत," ती म्हणाली.

"त्यांना बाहेर जायला सांगा."

"ते उठत नाहीत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. पाठ केलेलं संपलं असावं, कारण आवाज बदलला. "काऊन जी? बिमार आहेत का?"

"नाही. आता काही त्रास नाही त्यांना."

"मंग इथंच काऊन बसून राहिले?"

"पहिल्यापासून इथेच बसतात. मी अभ्यासाला बसले की."

"बोलून राहिले का काही? सांगून-गिंगून राहिले?"

"बारा वर्षांत बोलले नाहीत," यशोधरा म्हणाली. "आणि त्यांना लिहायला-वाचायला येत नाही."

दाराच्या फटीतून गीताबाईंचा एक डोळा दिसत होता. मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "माझेही बाबा असेच बसतात जी दारात. मी कामावर असली का. नोंद करून देते, 'वृद्ध व्यक्ती, निरक्षर, हालचाल नाही.' हलू नका म्हणा त्याईले."

"नाही हलायचे."

"गेलेले चार मिनिटं वाढवून देते. आरामशीर बसा, मॅडम. असं अकडून नका बसू, तुमची मान पाहून मलेच दुखून राहिली."

पडदा उजळला. यशोधरा खुर्चीत सैल झाली आणि कोपरं टेबलावर टेकून तिने सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईचे राहिलेले सहा प्रश्न सावकाश सोडवले. दोन प्रश्नांत चारही उत्तरं तिला चुकीची वाटली आणि त्यातल्या त्यात बरी तिने निवडली. एक वाजून तीन मिनिटांनी 'सादर करा' दाबलं. यंत्र एक चक्र फिरवत बसलं, आणि मग त्याच्या त्या तहसील कार्यालयाच्या मराठीत म्हणालं, 'प्राप्त गुण त्रेसष्ट. उमेदवार उत्तीर्ण असल्याचे दिसून येते.' दिसून येते! यशोधरा ते वाक्य पुन्हापुन्हा वाचत राहिली. मग तिने उठून कडी काढली आणि गीताबाई आत आल्या. "काय म्हनतंय ते?" त्यांनी विचारलं, आणि सुनेचा चेहरा पाहून उत्तराची वाट न बघता पदर डोळ्यांना लावून बाहेर ओरडल्या, "भीमा, आरं पेढे आन! न्हाईतर जिलबी आन, जिलबी गरम मिळंल!"

"मॅडम," संगणकातून आवाज आला. मुलगी अजून तिथेच होती. "अभिनंदन जी. रेकॉर्डिंग बंद केलं मी. एक इचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"हे आर्थिक नियोजन म्हणजे... मी सहा महिन्यांपासून लोकाईले हाच पेपर देताना पाहून राहिली. मले अकरा हजार भेटते महिन्याले. त्याच्यात होते का काही? का ते पैसेवाल्याईचंच असते?"

पतसंस्थेतली पाटी अजून वर्तमानपत्रातच होती. यशोधराने पुस्तक उघडलं नाही. तिने कॅल्क्युलेटरही बाजूला ठेवला. "आधी मला एक सांग," ती म्हणाली, "घरात माणसं किती?"

"आई, बाबा, मी, भाऊ. चार." मुलगी अडखळली. "तशी एक आत्या आहे जी मागच्या खोलीत. पण ते कोणाले काही मागतच नाही. तिले धरू का?"

"धर," यशोधरा म्हणाली.